शिकवणीची बाई आणि माझं 'हं'

गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका सात वर्षांच्या मुलीच्या जिवावर बेतलं होतं. ते मला रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्याच फोनवर, माझ्याच भाचीच्या आवाजात कळवलं जात होतं. मी रोज ऐकत होते आणि ऐकून रोज एकच उत्तर पाठवत होते: "हं."

चांगली पन्नाशीला आलेली बाई असं कशी वागली, हे समजायचं तर आधी आमच्याबरोबर वाल सोलायला बसायला हवं.

आमच्या माहेरी गोष्ट सांगायची ती फक्त वाल सोलताना. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक चिमटीत धरून साल सोडवायची आणि आतली डाळिंबी वाटीत टाकायची. घरभर माणसांना पुरेल एवढं बिरडं करायचं तर हे काम तासभर चालतं आणि पोरं दहा मिनिटांत पळतात. त्यांना बांधून ठेवायला आईनं गोष्ट काढली, आणि आईनंतर ती गादी मी बळकावली. परात रिकामी झाली की गोष्ट असेल तिथे बंद. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणत राहायचं, त्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कुणी 'पुढे काय झालं?' विचारलंच, तर त्या दिवसाची गोष्ट सगळ्यांचीच गेली. आणि सांगणारी गळ्याला हात लावून "खरं सांगते गो" म्हणाली की समजायचं, आता सगळ्यात मोठी थाप येणार.

भावाची मुलगी ह्या शाळेतली माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी. सहा वर्षांची होती तेव्हा न सोललेले वाल फ्रॉकच्या खिशात लपवायची. परात रिकामी होत आली की हळूच मूठभर परत टाकायची, गोष्ट थोडी लांबावी म्हणून. मला ते दिसायचं, पण मी बोलायचे नाही. माझी एवढी कदर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

गोष्टी माझ्या नव्हत्याच, हेही सांगून टाकते. लग्न होऊन शहापूरला आले तेव्हा इथल्या वाचनालयात तळच्या फळीवर जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची भाषांतरं पडलेली असायची. पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे कुणी लिहिलं, नाव काय, ते मला आजतागायत माहीत नाही. पण त्यांतल्या बऱ्याच एकाच घाटाच्या होत्या. एकटी, गरीब, शिकलेली मुलगी. आडरानातलं भलंमोठं घर. तिथल्या मुलांना शिकवायला तिनं तिथेच जाऊन राहायचं, आणि त्या घरात असं काहीतरी असायचं ज्याविषयी कुणी बोलत नाही. मी तिला 'शिकवणीची बाई' केलं. घर उचलून तानसाच्या तलावाकाठी आणून ठेवलं, बग्गीची एसटी केली आणि बाईला जेवायला तांदळाची भाकरी वाढली. आमच्या ह्यांची पिठाची गिरणी आहे. वाल सोलायला ते जन्मात बसले नाहीत, पण एकदा येता-जाता ऐकून म्हणाले, "एवढी भुतं बघण्यापेक्षा ही बाई शहापूरला खोली घेऊन शिकवण्या का नाय घेत?" माझ्या वाङ्मयावर झालेली ही पहिली समीक्षा.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं होतं, ह्या बायांत दोन जाती असतात. एक विचारणारी. तिला आवाज येतो, ती सरळ विचारते, खोटं उत्तर मिळतं, ती परत विचारते. तिच्या गोष्टीतली धाकधूक घराची असते: बंद दाराआड काय आहे? दुसरी न विचारणारी. ती बघते, बघितलेलं मनात ठेवते आणि मनातच त्यावर मजले चढवते. तिच्या गोष्टीतली धाकधूक तिचीच असते: हिला दिसतंय ते खरंच आहे, की हिच्या डोक्यात आहे? पहिलीचं दार एकदा उघडलं की गोष्ट निवते. दुसरीची पुस्तक मिटल्यावरही निवत नाही. मला दुसरी जास्त आवडायची. वाल सोलायला तीच बरी, उत्तरच नसल्यामुळे तिला कुठेही थांबवता येतं.

भाची मात्र पहिलीच्या बाजूची. "आत्या, ही कुणाला विचारत का नाय? निदान पोरांना तरी विचार म्हणावं."

"गोष्ट बंद," मी म्हणायचे. नियम म्हणजे नियम.

ती मोठी झाली, डी.एड. झाली. शिक्षक भरतीची वाट बघत दोन वर्षं घरी बसली. भात लावलं, भेंडी तोडली, आळीतल्या पोरांना पाढे शिकवले. मग ओळखीतून एक काम आलं. मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याहून आत, डोंगराच्या पायथ्याशी मुंबईच्या एका माणसाचा बंगला होता. त्याची सात वर्षांची मुलगी तिथे आजीजवळ राहायची. आई दोन वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी नाजूक, शाळेत जात नाही. तिला तिथेच राहून शिकवायचं.

मला तर उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. "अगो, डोंगरापायथी बंगला! मालकाची बायको वारलेली! आणि शिकवणीची बाई हवी!"

"वन्सं, पोरगी नोकरीला चाललीय," वहिनी म्हणाली. "तुमच्या पुस्तकात नाय."

भाची हसत होती. निघताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "रोज सांगीन तिकडचं. आता 'हं' म्हणायची पाळी तुझी."

बंगल्यात फोनला रेंज नव्हती, ती फाटकापाशी यायची. म्हणून रोज पाच वाजता भाची फाटकाशी उभी राहून बोलून निरोप पाठवायची. मीही पाचला वाल घेऊन बसायला लागले. नसले तर शेंगा, नाहीतर लसूण. पहिल्या आठवड्यात घर आलं. काळ्या दगडाचं जोतं, दिवसभर झोपाळ्यावर बसणारी आजी, वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली. मी "हं" पाठवलं आणि राहवेना म्हणून विचारलं, मालक कसा आहे? उत्तर आलं, "शनिवारी येतो, भेंडीची पिशवी घेऊन रविवारी जातो. आता महिनाभर परदेशात हाय." ह्यात मला काही रस निघेना. मी म्हटलं, पोरगी हळूहळू रंगवतेय.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "आत्या, ही मुलगी मधेच जाते गो. बसल्या जागी. मी पाढा म्हणत असते आणि ती कोपऱ्याकडे बघते. पापणी हलत नाय, हाक दिली तरी ऐकत नाय. मी पण कोपऱ्यात बघते. तिथं काय नाय. मग ती परत येते आणि विचारते, ताई, आपण कुठे होतो?"

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो चक्क सुखाचा होता. पुस्तकांत बाईला दिसतं आणि पोरांना दिसत नाही. माझ्या भाचीनं ते उलटं करून दाखवलं होतं. मी "हं" पाठवलं.

मग एकदा मुलीच्या हातून दुधाचा कप सुटला. आजीनं स्वतः वाकून पुसलं आणि म्हणाली, नजर लागते तिला, बाहेर बोलायचं नाही, उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय. सात वर्षांच्या मुलीच्या लग्नाचं! मला वाटलं, काय म्हातारी उभी केलीय. हं.

मंगळवारचा निरोप मला पाठ आहे, कारण नंतर तो मी किती वेळा ऐकला त्याला गणती नाही. "आज ती शेततळ्याच्या काठावर उभी होती आणि तिथंच गेली. मी दंडाला धरून मागं ओढली. प्लास्टिकवर शेवाळ हाय आत्या, पाय टाकला की माणूस खाली. मी आजीला बोलले, डॉक्टरला दाखवू. ती म्हणते, तुझं काम शिकवायचं. मला काय करावं कळत नाय. खरं सांगते गो."

खरं सांगते गो. आता मोठी थाप येणार! मी "हं" लिहिलं, आणि तेवढ्यावर समाधान होईना म्हणून खाली आणखी लिहिलं, "शाबास. आता वरच्या खोलीचं येऊ दे."

बुधवारी निरोप आला नाही. मी मनात म्हटलं, शिकली माझ्याकडून, बरोबर जागी थांबली. गुरुवारी पाचला मी लसूण सोलत बसले, सोलून झाला, पुढच्या आठवड्याचाही सोलून झाला. फोन लावला तर बंद. हे गिरणी बंद करून आले, माझं तोंड बघून म्हणाले, "काय झालं?" मी मंगळवारचा निरोप ऐकवला. म्हटलं, बघा ना, ऐन रंगात आणून सोडलंय.

ते पिठानं पांढरे झालेले तसेच उभे राहिले. "पोर पाण्याच्या काठाला उभी राहते आणि तिची शुद्ध जाते. ह्यात गोष्ट कुठंय गो?"

त्यांना आमचे नियम माहीत नव्हते. म्हणून पहिल्या ऐकण्यात कळलं.

फोन लावत राहिले. बंगल्याचा दुसरा नंबर आमच्यात कुणाकडेच नव्हता, आणि ज्यांनी काम लावून दिलं होतं ते फोन उचलत नव्हते. शुक्रवारी पहिल्या गाडीनं मी निघाले. वहिनीला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? किन्हवलीवरून सरळगावपर्यंत मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. आयुष्यभर मी माणसांना टांगून ठेवत आले, हसत हसत आणि वाटीत डाळिंब्या टाकत. टांगलेलं माणूस दर थांब्याला कंडक्टरला 'अजून किती?' विचारतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे काय झालं, पुढे काय झालं, एवढंच गाडीच्या आवाजात ऐकू येत होतं आणि सांगणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या गाडीत कळली. इतक्या वर्षांत मी त्या पुस्तकांतल्या बाया तोलल्या, मालक जोखले, कुलपं मोजली. ज्या पोरांना शिकवायला बाई तिथे गेलेली असते, त्या पोरांचं काय होतं हे मला एकाही गोष्टीत आठवेना. ती पानं मी भरभर उलटत आले होते. भाची तीन आठवडे फक्त त्या मुलीविषयी बोलत होती आणि मी मालक विचारत होते.

बंगला दिसला तेव्हाही, लाज वाटते सांगायला, माझी मान आधी वर गेली. वरच्या खिडकीकडे.

"वर काय बघताय?" फाटकाशी राखणदाराची बायको उभी होती. "वर पाण्याची टाकी हाय."

"माझी भाची कुठंय?"

"तुमी तायच्या कोण? बरं झालं आलात. पोर तळ्यात गेली बुधवारी. तायनं मागं उडी मारली. नुसत्या गटांगळ्या खात होत्या दोघी. भेंडीवरच्या माणसांनी दोरानं वर काढलं."

"आणि पोर?"

"आजीनं गाडीत घालून कल्याणला नेली. जिवंत नेली का कशी, आमाला कोण सांगतंय बाई?"

भाची मागच्या पडवीत बसली होती. दोन्ही तळहात सोलवटलेले, अंगात ताप. मला बघून उठली नाही. "आत्या, ती हाय का?" एवढंच विचारलं. दोन दिवस तिला कुणीही काही कळवलं नव्हतं. आजी जाताना म्हणाली होती, ती परत येईपर्यंत इथून हलायचं नाही, काही झालं तर तुझ्यावर. फोन तळ्याच्या तळाशी. राखणदाराच्या फोनवरून आजीच्या गाडीच्या ड्रायव्हरला लावून बघितलं, तो उचलत नव्हता. आमचे नंबर तिला पाठ नव्हते. पाठ होता तो एकच, आमच्या घरचा जुना, तारेचा. मीच लहानपणी घोकून घेतला होता, हरवलीस तर हा सांग म्हणून. तो फोन काढून दहा-बारा वर्षं झाली. तो तिनं दोन दिवस लावला.

तिच्या मांडीवर मुलीची पाढ्यांची वही होती. मागच्या पानांवर तिच्या नीट, डी.एड.च्या अक्षरात ओळी होत्या: सकाळी साडेदहा, कोपरा, हाक ऐकली नाही, शंभर मोजेपर्यंत. दुपारी चार, कप. मंगळवार, तळं. बुधवारी फक्त तळं, आणि पुढे कोरं. दुसऱ्या जातीची बाई मनात मजले चढवते म्हणाले ना मी? ही बघून लिहून ठेवत होती.

"घसरली नाय ती," भाची म्हणाली. "गेली आणि मग पडली. डॉक्टरला हे कुणी सांगितलं नसेल."

मी फाटकापाशी जाऊन माझ्या फोनवरून ड्रायव्हरला लावलं. अनोळखी नंबर, म्हणून त्यानं उचलला, आणि आजीला दिला. "मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"अजून डोळे उघडत नाही. मधेच झटके येतात. पाण्याचं भय बसलंय. पाय घसरला तिचा."

मी सांगायला सुरुवात केली. गोष्ट नव्हे, जे लिहिलं होतं तेवढंच, तारीख आणि वेळ. मला ते जमत नव्हतं. मधेच माझा आवाज चढायचा, थांबायचा, सवयीनं. पलीकडून आवाज आला, "हं." मी पुढचं वाचलं. "हं." सगळं वाचून झालं. "हं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हा मला कळलं, बाहेरून ऐकताना ते कसं लागतं.

भेंडीचा टेम्पो कल्याणच्या बाजारात निघाला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी, वही भाचीच्या पोटाशी. सरळगाव गेलं, मुरबाड गेलं. मी म्हटलं, "पाणी पी." ती प्यायली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "तू शाबास म्हणालीस."

मी बाटलीचं झाकण परत लावलं.

दवाखान्यात आजी बाकावर बसली होती. झोपाळ्यावरची ती जबरदस्त म्हातारी माझ्या डोक्यात होती. ही लहानखुरी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घातलेली बाई होती. भाचीला बघून उठली, वाट अडवावी तशी. भाचीनं तिला ओलांडून आत जाणाऱ्या डॉक्टर बाईंच्या हातात वही दिली आणि सरळ सांगितलं. दोन वाक्यांत. डॉक्टरांनी उभ्या उभ्या पानं उलटली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"किती दिवसांपासून होतंय?"

भाचीनं आजीकडे बघितलं. आजी खाली बघत होती. मग खालीच बघत म्हणाली, "आई गेली तिची, तेव्हापासून."

दार बंद झालं. आम्ही तिघी एका बाकावर. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन. साडेतीन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे वेळ घालवायला एकही गोष्ट नव्हती. हात उगाचच चिमटी करत होते.

चारच्या सुमाराला आजी बोलली, कुणाकडेही न बघता. "माझ्या धाकट्या बहिणीला असंच व्हायचं. घरात बोलायचं नसायचं. बाहेर कळलं तर तिला कोण करून घेणार आणि मला कोण करून घेणार? विहिरीवर गेली होती एकदा." मी 'हं' म्हणाले नाही, 'पुढे?' विचारलं नाही. सरकून तिच्याजवळ बसले, एवढंच. त्या बंगल्यातली कुलूपबंद खोली म्हणायची तर हीच होती, आणि ती दिवसभर झोपाळ्यावर बसलेली असायची.

साडेचार. पावणेपाच. आतून धावत एक नर्स गेली, परत आली नाही. भाचीनं माझा हात धरला नव्हता, पदर धरला होता, लहानपणी धरायची तसा, आणि मला वाटलं, देवा, हिच्या खिशात मूठभर वाल असतील तर टाकू दे आता. संपवू नकोस.

पाच वाजून गेले होते. दार उघडलं. "ताई कोण तुमच्यात?" नर्सनं विचारलं.

भाचीनं माझा पदर न सोडताच हात वर केला.

"विचारतेय ती, आपण कुठे होतो म्हणून. काय सांगू तिला?"

"सात साते," भाची म्हणाली. "सात साते एकोणपन्नासला होतो म्हणावं." आणि तिथेच बाकाला धरून रडायला लागली.

मुलगी आता मुंबईला बापाजवळ असते. रोज गोळी घेते, शाळेत जाते. भाची परत भरतीची वाट बघत घरी आहे आणि आळीतल्या पोरांना पाढे शिकवते. माझ्याशी तीन महिने ती जेवढ्यास तेवढं बोलली. तेही मला जास्तच वाटायचं.

एके दिवशी पाच वाजता फोन वाजला. तिचा निरोप होता, नेहमीसारखा बोललेला. "आत्या, गोष्ट नाय. आज बिरडं खारट झालं."

तेव्हापासून आमच्यात हीच रीत आहे. काहीही सांगायचं असलं की ती आधी "गोष्ट नाय" म्हणते, मग सांगते, भाजी करपली, बस चुकली, डोकं दुखतंय. आणि मी 'हं' लिहीत नाही. लसणाचे हात तसेच पुसून तिला फोन लावते आणि विचारते, "पुढे काय झालं?"

"पुढे काय होणार? पाणी घातलं," ती म्हणते.

मी तरीही आणखी दोनदा विचारते.